कागदाबाहेरची कारभारीण

जमीन मोजायची, तिची प्रत ठरवायची आणि तीस वर्षांसाठी सारा बांधून टाकायचा, ही मुंबई इलाख्याची पद्धत पहिल्यांदा इंदापूर तालुक्यात रुजली. त्याआधी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने १८२८ ते १८३० या काळात इथे एक मोजणी करून पाहिली होती. पिकाच्या उत्पन्नातून खर्च वजा करायचा आणि उरेल त्याचे पंचावन्न टक्के सरकारने घ्यायचे, असा त्याचा हिशेब. कागदावर तो चोख होता. शिवारात मात्र त्याने हाहाकार केला. सारा झेपेना, तेव्हा लोकांनी जमिनी पडीक टाकल्या आणि परमुलूख गाठला. मग १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने साखळी टाकली. तेहेतीस फुटांची साखळी. तेहेतीस गुणिले तेहेतीस फुटांचा एक गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. आजही बांधावरून भांडणारे भाऊ हेच गुंठे मोजतात.

बावडा याच तालुक्याच्या दक्षिण टोकाला. पलीकडे नीरा, नीरेच्या पलीकडे माळशिरस तालुका आणि अकलूज. खाली पूर्वेला नीरा नरसिंहपूर, तिथे नीरा भीमेला मिळते. पाऊस बेताचा, तोही परतीचा. रब्बीचा मुलूख, शाळू आला तर वर्ष तरले.

त्या मोजणीपासून पुढे शंभर-सव्वाशे वर्षे या शिवाराचा कागद वाढत गेला. सर्व्हे नंबर, आकार, खातेदार, १९०३ नंतर हक्कनोंदणी, मग फेरफार, सातबारा, आठ अ. गावात कोणाची विहीर कितीत फोडली, कोणाचे कर्ज कधी चढले, सगळे त्यात सापडते. सापडत नाही ती एकच व्यक्ती, जिने त्या जमिनीत खुरपे सर्वांत जास्त तास धरले. फार तर एखादी विधवा दिसते, तीही बहुधा पोरगा सज्ञान होईपर्यंत. बारामती-इंदापूरचा इतिहास आपण पाण्याचा, उसाचा आणि निवडणुकांचा म्हणून सांगतो. तो सांगून झाला आहे, पुष्कळ सांगून झाला आहे. मला इथे त्या खुरप्यामागच्या बाईच्या आयुष्यावरून तोच काळ पुन्हा चालून पाहायचा आहे.

ही बाई म्हणजे कोणी एक नव्हे. पहिल्या महायुद्धाच्या आसपास किंवा त्यानंतरच्या दहा वर्षांत जन्मलेली, शेतकऱ्याच्या घरात वाढलेली, शेतकऱ्याच्याच घरात दिलेली, आठ-दहा बाळंतपणे सोसून नव्वदीपर्यंत तगलेली म्हातारी या भागातल्या वस्तीवस्तीवर होती. काही ठिकाणी अजून आहे. जन्मतारीख विचारली तर ती सांगत नाही. ‘मोठ्या तापाच्या साली’ असे तिच्या आईने सांगितलेले असते. मोठा ताप म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएन्झा. त्याच वर्षी पावसाने दगा दिला होता. घरात माणसे तापाने पडलेली आणि रानात पीक नाही, अशा वर्षात जी पोर जगली ती पुढे सहसा कशाला डगमगली नाही, असे म्हणायचा मोह होतो; पण न जगलेल्या पोरी कोणी मोजल्या नाहीत, हेही लक्षात ठेवावे.

तिच्या आजेसासूच्या तोंडी १८७६-७७ चा दुष्काळ असे. त्याच्या आदल्याच वर्षी, १२ मे १८७५ रोजी, जवळच्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली होती. पुढे हे बंड ‘डेक्कन रायट्स’ म्हणून पुस्तकांत गेले आणि १८७९ चा शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा त्यातूनच आला. खताच्या कागदावर अंगठा घरच्या पुरुषाचा, पण सावकाराकडे गहाण पडायची ती तिची पाटली, तिची सरी. कर्ज फेडण्याची पहिली जिन्नस म्हणजे बाईच्या अंगावरचे सोने, हा नियम कोणत्याच कायद्यात नव्हता आणि कोणत्याच घरात मोडला जात नव्हता.

दुष्काळी कामातून नीरेचा डावा कालवा निघाला. १८८५ मध्ये त्याला पाणी सुटले, वर भाटघरचे धरण झाले. पाण्यामागोमाग सासवडकडचे माळी बागाईतदार कालव्याकाठी उतरले आणि त्यांनी खंडाने जमिनी घेऊन ऊस लावला. बारामतीला गुळाची पेठ उभी राहिली. १९२७-२८ च्या सुमारास भाटघरचे नवे, मोठे धरण पुरे झाले आणि पाणी वाढले. बावड्याकडे मात्र कालव्याचे शेपूट. वरच्या गावांचे ऊस भिजून उरले तर इकडे पाणी, नाहीतर शेटफळच्या तलावाकडे आणि आभाळाकडे डोळे. ‘टेल’ हा शब्द इकडच्या निरक्षर म्हातारीलाही माहीत असतो. त्याचे मराठी तिला विचारू नये.

अशा अर्ध्या ओल्या, अर्ध्या कोरड्या मुलखात तिचा दिवस कोंबडा आरवायच्या आधी जात्यावर सुरू होई. एकत्र कुटुंबात पंधरा-वीस माणसे, गडी वेगळे. पायलीभर ज्वारी दळायची म्हणजे दोघींचे काम. समोरासमोर बसून एकाच खुंट्याला दोघींनी हात घालायचा. त्या वेळी जे गायले जाई ते नंतर लोकसाहित्य ठरले. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी पुणे जिल्ह्यापासून सुरुवात करून महाराष्ट्रभरातून एक लाखाहून जास्त ओव्या उतरवून घेतल्या. माहेर, भाऊ, पंढरी, सीता, सासुरवास, लेक हे तिथले विषय. एवढ्या लाखभर ओव्यांत नांगराच्या बैलाला जागा आहे, विठ्ठलाला तर आहेच. पिठाची गिरणी गावात आली तेव्हा बायकांच्या खांद्यांना सुख झाले आणि ओवी बंद पडली. गिरणी आली याचे मला दुःख नाही. ज्यांनी दळले नाही त्यांनीच जात्याचे गोडवे जास्त गायले आहेत.

दळण झाले की शेण, पाणी, धारा, भाकऱ्या. न्याहारी डोक्यावर घेऊन रान. मोट हाकायची ती पुरुषाने, बैलांच्या मागे धावेवरून पुढे-मागे होत. पण खाली वाफ्यात दारे धरायला बाई किंवा पोर. पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवायचे, फुटलेला वरंबा पायाने दाबायचा, हे काम दिसायला हलके आणि थंडीत पायाला भेगा पाडणारे. खुरपणी, वेचणी, काढणी तिच्याकडे. ज्वारी उपटून, कणसे खुडून, खळ्यावर नेऊन, मळून, वावडीवर उभे राहून उफणून, रास झाली की तिची पूजा करून, मग कुठे धान्य घरात.

आणि एकदा धान्य घरात आले की तिथून पुढचा अंमल पूर्ण तिचा. खळ्यावर रास किती झाली हे पुरुषाला ठाऊक. बळदात किती उतरली, कणगीत किती, बलुतेदारांना किती दिली आणि पुढच्या सुगीपर्यंत महिन्याला किती काढायची, हे तिला ठाऊक. यात बियाण्याची गोष्ट बघण्यासारखी आहे. शाळूची काढणी चालू असताना घरची थोरली बाई पातीतून फिरायची आणि भरलेली, मोत्यासारख्या दाण्याची, टणक बुडाची कणसे वेगळी काढायची. ती कणसे मळणीत जात नसत. जोंधळ्याच्या ताटांसकट आढ्याला टांगून ठेवायची, चुलीचा धूर लागेल अशा जागी, म्हणजे किडा लागत नाही. नंतर दाणे काढून राखेत घोळायचे, कडुनिंबाचा पाला घालायचा आणि मडक्याच्या तोंडाला शेणमातीने लिंपून टाकायचे. घरात उपासमार झाली तरी ते मडके फुटत नसे. मालदांडीसारख्या वाणाला सरकारी संशोधन केंद्राने निवडून नाव आणि नंबर दिला, ते योग्यच झाले. निवड करण्याचे काम मात्र पिढ्यानपिढ्या या बायका बिननावाने करीत आल्या होत्या.

कमरेला किल्ल्यांचा जुडगा असलेल्या या बाईला कारभारीण म्हणत. हा कारभार मवाळ नव्हता. नव्या सुनेला भाकरी मोजून मिळत असे, दूध-तुपाला तर हात लावायची सोय नसे. जी पोरवयात सोसायची तीच पुढे सासू होऊन सोसायला लावायची. म्हातारीच्या कष्टांचे गुणगान करताना तिच्या सुना काय म्हणत होत्या तेही ऐकावे. कष्टाळू माणूस दयाळू असतोच असे नाही.

या पिढीतल्या एका बाईचे आयुष्य मात्र नीट नोंदले गेले आहे, आणि ती याच पट्ट्यातली. शारदाबाई पवार. १२ डिसेंबर १९११ चा जन्म, कोल्हापुराकडच्या गोलिवडे गावचा. वडील लवकर गेले, थोरल्या बहिणीने वाढवले आणि पुण्यात सेवासदनमध्ये शिकायला मिळाले. शेतकऱ्याच्या मुलीने त्या काळी शाळेत सात इयत्ता काढणे ही साधी गोष्ट नव्हती. गोविंदराव पवारांशी लग्न होऊन त्या बारामती-काटेवाडीच्या झाल्या. गोविंदराव सहकारी संघाच्या कामात. घरची शेती, माणसे आणि पोरे यांचा भार शारदाबाईंवर. सात मुलगे, चार मुली.

१९३८ मध्ये त्या पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून गेल्या. आज बायकांच्या राखीव जागांची आपल्याला इतकी सवय आहे की याचे वजन चटकन ध्यानात येत नाही. बोर्डाची सभा पुण्यात, म्हणजे काटेवाडीहून शंभर किलोमीटरच्या पलीकडे. १२ डिसेंबर १९४० रोजी, आईच्याच जन्मतारखेला, शरद पवार जन्मले आणि तीन दिवसांच्या त्या पोराला घेऊन शारदाबाई एसटी नसलेल्या त्या काळात मोटारीने पुण्याला बोर्डाच्या सभेस गेल्या. ही हकीकत शरद पवारांनी स्वतः सांगितली आहे आणि भाषणांतून ती इतक्यांदा ऐकली आहे की तिची धार गेली. जरा थांबून विचार करा. ओली बाळंतीण. त्या काळचा रस्ता. सभेत मांडायचे विषय म्हणजे शाळा, रस्ते, दवाखाने. आणि घरी धाकटी-थोरली पोरे. शेतातल्या बायका बाळंतपणाच्या आठव्या-दहाव्या दिवशी रानात जात होत्याच; शारदाबाई रानाऐवजी सभेत गेल्या, एवढाच फरक. तो एवढाच फरक शिक्षणाने पाडला.

पुढे त्या शेतकरी कामगार पक्षाच्या. एका मोकाट वळूने त्यांना जबर जखमी केले, पाय कायमचा अधू झाला आणि उरलेले आयुष्य कुबड्यांवर गेले. तरी शेतीवरची नजर आणि घरातला शब्द सुटला नाही. १९६० च्या बारामती लोकसभा पोटनिवडणुकीत थोरला मुलगा वसंतराव शेकापचा उमेदवार आणि धाकटा शरद काँग्रेसच्या प्रचारात. घरात या प्रसंगी काय वातावरण असेल याची कल्पना ज्यांनी भाऊबंदकी पाहिली आहे त्यांना येईल. धाकट्याने आपल्या पक्षाचे काम करावे, याला आईने हरकत घेतली नाही. पोरांनी पुढे जे केले ते सर्वांना ठाऊक आहे: शेतीतले प्रयोग, वकिली, वृत्तपत्र, राजकारण. लेकींना शिकवले; त्यांतल्या सरोजताई प्रा. एन. डी. पाटलांच्या पत्नी. शारदाबाई १९७५ मध्ये गेल्या. बारामतीजवळ शारदानगर हे नाव त्यांच्यावरून पडले, तिथे मुलींचे महाविद्यालय आहे.

शारदाबाईंची गोष्ट सांगून बाकीच्यांची भरपाई होत नाही. उलट तीच गोष्ट दाखवते की सात इयत्ता आणि बोर्डातली एक खुर्ची मिळाली असती तर वस्तीवरच्या किती बायका कुठे गेल्या असत्या.

बावड्याच्या बाईची वाट वेगळी झाली. तिच्या डोळ्यांदेखत मुलूख पालटला. १९३० च्या दशकात कळंबच्या माळावर वालचंदनगर उभे राहिले, पलीकडे माळीनगरला माळ्यांचा कारखाना झाला. लाकडी चरक जाऊन लोखंडी घाणे आले होते, आता गुऱ्हाळेच मागे पडू लागली. गुऱ्हाळाच्या दिवसांत चुलवाणात चिपाडे सारणे, मळी काढणे, गुळव्याच्या हाताखाली राबणे, रात्र-रात्र कायलीजवळ जागणे यांत बायका असत, पोरांना काकवी मिळे. पुंड्या ऊस जाऊन कोइमतुरी वाण आले. १९५७ च्या १ एप्रिलला कसेल त्याची जमीन झाली. कसणारी बाई असली तरी कूळ म्हणून नाव बाप्याचे, म्हणून जमीनही बाप्याचीच झाली.

मग सहकार. १९५० च्या दशकात माळेगाव आणि भवानीनगरला सहकारी साखर कारखाने उभे राहिले, पुढे सोमेश्वर. इंदापूर तालुक्याचा कारभार दीर्घकाळ बावड्याच्या पाटील घराण्याभोवती फिरला. शंकरराव बाजीराव पाटील १९५२ पासून विधानसभेत, मंत्री, नंतर बारामतीचे खासदार. बिजवडीच्या कारखान्याला आज त्यांचे नाव आहे. सहकारी कारखाना म्हणजे शेतकऱ्यांची लोकशाही, असे म्हणतात आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. पण तिची रचना बघा. सभासद व्हायचे तर नावावर ऊसक्षेत्र हवे. नावावर जमीन नाही, तर शेअर नाही. शेअर नाही, तर मत नाही. मत नाही, तर वार्षिक सभेत उभे राहून ‘पहिली उचल किती?’ असे विचारायची सोय नाही. उसाचे बिल बँकेत नवऱ्याच्या खात्यावर. बेणे तोडण्यापासून लागणीपर्यंत आणि खुरपणीपासून खांदणीपर्यंत कंबर तिची, आणि टनाचा भाव ठरवणाऱ्या खोलीत ती नाही. इथून पुढे पुरुषाचा दिवस सोसायटी, कारखाना, पंचायत समिती, बाजार समिती असा बाहेर जाऊ लागला. मागे रान सांभाळायला ती. पश्चिम महाराष्ट्राचे सहकारी राजकारण पुरुषांना जमले, कारण घरची शेती बायकांनी ओढली. हे विधान मी विचार करून करतो आहे.

१९७२ चा दुष्काळ. बावड्याचा उल्लेख त्या वर्षी राज्यभर झाला, पण दुष्काळामुळे नव्हे. त्या साली गावातल्या दलित वस्तीवर सामाजिक बहिष्कार पडला. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली आणि ज्या घटनांच्या संतापातून ती उभी राहिली त्यांत बावड्याचे नाव घेतले जाते. बहिष्कार म्हणजे काय? दुकानातून मीठ-मिरची बंद, गिरणीवर दळण बंद, रानात काम बंद, पाणवठ्याची वाट बंद. घरात पुरुष किती आहेत यावर त्याचा जाच ठरत नाही. संध्याकाळी चूल कशी पेटवायची, हा प्रश्न बाईसमोर उभा राहतो. गावातल्या कर्त्या म्हाताऱ्यांच्या कष्टांचा इतिहास लिहायचा तर तो वाड्यातल्या आणि मळ्यातल्या बाईपाशी संपवता येत नाही. वेशीबाहेरच्या वस्तीतही तेवढीच वर्षे जगलेली, तेवढीच बाळंतपणे सोसलेली म्हातारी होती. तिच्या घरचे महार वतन १९५८ च्या कायद्याने खालसा झाले. ती दुसऱ्याच्या रानात रोजाने खुरपायची, आणि मळ्यातल्या कारभारणीने तिच्या ओंजळीत पाणी ओतले ते वरून. दोघींचे हात सारखेच घट्टे पडलेले. दोघींत अंतर होते आणि ते कारभारणीनेही पाळले.

दुष्काळात मात्र खडी फोडायला दोघी एका कामावर आल्या. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते. डोक्यावर पाटी, पोर झाडाला झोळीत. अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आणि सुकडी यांवर माणसे जगली; मिलोची भाकरी थापता येत नसे, चुलीवर तुटायची, हे त्या काळच्या कोणत्याही बाईला विचारा. वि. स. पागे यांनी आधी मांडलेली रोजगार हमीची कल्पना या दुष्काळात राज्यभर राबली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. या कामांवर बायकांचा भरणा मोठा होता. आणि इथे एक गोष्ट घडली जिच्याकडे इतिहासकारांचे फारसे लक्ष गेलेले नाही. मुकादमाच्या हजेरी मस्टरवर तिचे स्वतःचे नाव आले. अमक्याची बायको, तमक्याची आई असे नव्हे. नाव, पुढे भरलेले दिवस, पुढे रुपये, पुढे अंगठा. पन्नाशी गाठलेल्या बहुतेकींसाठी सरकारच्या कागदावर कामाचा मोबदला म्हणून नाव लागण्याची ही पहिली वेळ. मतदारयादीत ते आधी होते; पण मतदारयादी पैसे देत नाही.

पुढचा काळ धावता सांगतो. उजनी १९८० मध्ये भरले, तालुक्याच्या उत्तरेची भीमाकाठची गावे पाण्याखाली गेली, जुन्या पळसदेवचे देऊळ पाणी उतरले की अजून वर येते. उठलेल्या गावांतल्या बायकांना नवे पाणी, नवे शेजार आणि माळावरची नवी चूल मांडावी लागली. इकडे बारामती-इंदापुरात संकरित गाय आली आणि दुधाचा पैसा दर दहा दिवसांनी घरात येऊ लागला. उसाचे बिल वर्षातून एकदा आणि त्याच्या हातात. दुधाचे थोडे का होईना तिच्या हातात. पोरांच्या फिया, सुनेची बाळंतपणे आणि पंढरीची वारी या पैशात झाली.

वारीचे सांगायचे राहिले. तुकोबांची पालखी इंदापूरहून सराटीला जाताना दुपारी बावड्यात विसावते. दिंड्यांना जेवू घालायचे म्हणजे घरोघर पहाटेपासून भाकऱ्या. सत्तरी उलटलेली म्हातारी त्या दिवशी सुनांना उठवून स्वतः काटवटीसमोर बसते, पीठ मळता मळता मोजत नाही आणि कोण कुठल्या जातीचा, कुठल्या गावचा हे विचारत नाही. एक दिवस. दुसऱ्या दिवशी पालखी नीरास्नान करून अकलूजला जाते आणि गाव पुन्हा गाव होते.

आता कायद्याचे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवेला आणि मुलीला हिस्सा दिला आणि तो पूर्ण मालकीचा दिला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हक्क दिला, पण तेव्हा ज्यांची लग्ने झालेली होती त्यांना वगळून. २००५ मध्ये केंद्राने तोच हक्क देशभर दिला, आणि २००५ मध्ये वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क टिकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. कायदा इतका पुढे गेला. गावात काय होते?

वडील वारतात. दिवस-कार्य उरकते. वारसनोंदीला बहिणींची नावे लागतात, कारण तलाठ्याला ती लावावीच लागतात. मग वर्षभरात एक दिवस ठरतो. भाऊ गाडी करून बहिणींना तालुक्याला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेतो. वाटेत चहा, आईची आठवण, माहेर तुटायला नको अशी भाषा. कचेरीत मशीनवर अंगठा, कॅमेऱ्यासमोर चेहरा, हक्कसोडपत्राच्या पानापानावर सही. ‘स्वखुशीने, कोणत्याही दडपणाशिवाय’ हे वाक्य त्यात असतेच. संध्याकाळी घरी पुरणपोळी आणि साडी-चोळी. आणि ओसरीवर बसलेली म्हातारी, जिने साठ वर्षे ते रान खुरपले, ती लेकींना म्हणते, ‘भावाला दुखवू नगा, माहेर ऱ्हाऊ द्या.’ तिच्या आईनेही तिला तेच सांगितले होते. व्यवहाराच्या दृष्टीने तिचे चूक नाही. सासरी भांडण झाले तर परत यायला भावाचे दार लागते, सातबारा लागत नाही. पण त्या दाराची किंमत काही एकर आहे आणि ती दरवेळी बहिणीच देतात.

हे बदलण्याचा एक प्रयत्न शेतकऱ्यांच्या घरातूनच झाला. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी बायकांचे अधिवेशन भरवले. तिथे लाखांनी बायका आल्या. पुढे संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ हाती घेतली. नवऱ्याने जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करायचा, आणि शंभर घरांनी ते केले की ते गाव लक्ष्मीमुक्त म्हणायचे. संघटनेला शेतमालाचा भाव मागताना घरातल्या बाईच्या घामाचा भाव विचारावासा वाटला, ही मराठी शेतकरी चळवळीतली मोठी गोष्ट. त्याच सुमारास स्थानिक संस्थांत बायकांना राखीव जागा मिळाल्या: १९९० मध्ये तीस टक्के, मग एक तृतीयांश, २०११ पासून निम्म्या. ज्या म्हातारीच्या तरुणपणी बोर्डावर एक शारदाबाई होत्या, तिची नातसून सरपंच झाली. कारभार सरपंचपती बघतो अशी टिंगल होते आणि ती काही ठिकाणी खरीही आहे. पण ग्रामसभेच्या ठरावावर सही तिचीच लागते, आणि सही करणारी बाई एक दिवस वाचून सही करायला लागते.

ज्या बाईविषयी मी लिहिले तिच्या पिढीतल्या आता थोड्याच उरल्या आहेत. त्यांना श्रावणबाळचे किंवा निराधारचे पैसे येतात, गुडघे गेलेले असतात, हाताला काम नसले की वळचणीला बसून वाती वळतात. त्यांच्या नावावर बहुधा घराचा उतारा नाही आणि रानाचा सातबारा नाही. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या दर शंभर वहिवाटदारांत बायका जेमतेम चौदा निघाल्या, यात नवल ते काय?

वाचकांना एकच विनंती. १९९२ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात नवऱ्याला आपल्या सातबाऱ्यावर बायकोचे नाव सहधारक म्हणून लावता येते. त्यासाठी खरेदीखत करावे लागत नाही. खातेदार नवऱ्याने महसूल कचेरीत अर्ज द्यायचा, मग फेरफार होतो. घरात रान कसणारी बाई असेल आणि सातबाऱ्यावर ती नसेल, तर येत्या तालुक्याच्या खेपेला तो अर्ज द्या.